वेष्टण न उकलतां

इ. स. २०१२ च्या नोव्हेंबरपासून पुढील मार्च महिन्यापर्यंत मुंबईंत एक दूरदेशचा पाहुणा मुक्कामास होता. त्याचा उतारा छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत, म्हणजे ज्या वास्तूला जुने मुंबईकर अद्यापहि प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम म्हणतात त्या वास्तूंत होता. पाहुण्याचें नांव नेस्पेरेन्नुब. इजिप्त देशांत नाईल नदीच्या कांठीं कर्नाक येथें जीं प्रचंड देवळें आहेत, त्यांपैकीं खोन्सु नांवाच्या चंद्रदेवतेच्या देवळांत तो पुजारी होता. तो वारला त्याला आज सुमारें २८०० वर्षें होत आलीं. मृत्यूनंतर त्याच्या देहाला राळ व इतर द्रव्यें लावण्यांत आलीं, कापडाच्या पट्ट्यांचे थरावर थर गुंडाळण्यांत आले, आणि त्यावर कापड व गिलावा यांचें रंगविलेलें मनुष्याकृति कवच चढविण्यांत आलें. असें कवच एकदां बसलें म्हणजे तें मोडल्यावांचून आंतला देह बाहेर काढतां येत नाहीं. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें हा पुजारी १८९९ सालीं दाखल झाला. परंतु तें कवच कोणींहि उघडलेलें नाहीं.

असें असूनहि मुंबईच्या प्रेक्षकांनीं त्याच्या कवटींत डोकावून पाहिलें. अंधाऱ्या दालनांत, डोळ्यांवर विशिष्ट प्रकारचे चष्मे चढवून मंडळी बसलीं, आणि पडद्यावरचें तें कवच धुक्यासारखें विरून गेलें. पट्ट्या नाहींशा झाल्या, सुकलेली त्वचा दिसली, त्वचेखालचीं हाडें दिसलीं. आणि मस्तकाच्या मागच्या बाजूला चिकटून बसलेला मातीचा एक ओबडधोबड वाडगा दिसला. देवाच्या पुजाऱ्याच्या डोक्याला मातीचा वाडगा कशासाठीं? तो तेथें कोणीं ठेवला? आणि बंद कवचाच्या आंतला वाडगा बाहेरच्या माणसाला दिसला कसा? या प्रश्नांचीं उत्तरें शोधूं लागलें म्हणजे पुराणवस्तुसंशोधनाच्या एका मोठ्या स्थित्यंतराचा इतिहासच पुढें उभा राहतो.

या शास्त्राला एक जुना शाप आहे. जें जाणावयाचें तें जाणतां जाणतां मोडावें लागतें. जमिनीचा एक थर खणून काढला कीं तो पुन्हां पूर्वींसारखा रचतां येत नाहीं. एखाद्या पोथीचें पान एकदांच वाचतां यावें आणि वाचून होतांच तें हातांतून नाहींसें व्हावें, तसाच हा प्रकार. म्हणूनच जाणता संशोधक कुदळीबरोबर मोजपट्टी आणि नोंदवही घेतल्याशिवाय जमिनीला हात लावीत नाहीं.

ममींच्या वांट्याला हा शाप फार कठोरपणें आला. एकोणिसाव्या शतकांत लंडन शहरीं थॉमस पेटिग्रू नांवाचे एक शस्त्रवैद्य जाहीर सभा भरवून ममींचीं वेष्टणें उकलून दाखवीत. १८३४ च्या जानेवारींत रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स या संस्थेंत त्यांनीं असा एक प्रयोग केला, तेव्हां इतकी दाटी झाली कीं खुद्द कँटरबरीच्या आर्चबिशपांना जागेअभावीं परत जावें लागलें. पेटिग्रू हे नुसते खेळ करणारे गृहस्थ नव्हते. त्याच वर्षीं त्यांनीं ममींच्या इतिहासावर ग्रंथ प्रसिद्ध केला. परंतु सभा संपली म्हणजे टेबलावर उरे तें एक उघडें शव आणि चिंध्यांचा ढीग. कोणती पट्टी कोणत्या क्रमानें गुंडाळली होती, कोणता ताईत कोणत्या अवयवावर ठेवला होता, हें सारें त्या घटकाभरांत कायमचें विस्कटून जाई.

१८८६ सालीं कैरो येथें गास्तों मास्पेरो या फ्रेंच पंडितानें इजिप्तच्या खेदिवासमक्ष दुसऱ्या रामेसिसची ममी उकलली. ज्या राजानें ६६ वर्षें राज्य केलें, त्याचीं शेवटचीं वस्त्रें उतरावयास पाव तासहि लागला नाहीं. १९२५ सालीं तुतनखामेन राजाची पेटी उघडली, तेव्हां तर याहून बिकट प्रसंग उभा राहिला. अंत्यसंस्काराच्या वेळीं ओतलेली राळ दगडासारखी घट्ट होऊन राजाचा देह पेटीच्या तळाला चिकटून बसला होता. हॉवर्ड कार्टर व शारीरविद् डग्लस डेरी यांनीं तो सोडविला खरा, पण त्या खटाटोपांत मस्तक धडापासून वेगळें झालें आणि हातपाय सांध्यांतून सुटले. त्या मंडळींना आज दोष देणें सोपें आहे. त्यांना राजाचे अलंकार पाहावयाचे होते, राजाचें वय जाणून घ्यावयाचें होतें. आणि हाताशिवाय डोळ्याला आंत शिरतां येत नव्हतें.

वास्तविक डोळ्याला एकट्यानेंच आंत नेणारी एक वाट तीस वर्षांपूर्वीं सांपडली होती. ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं जर्मनींतील वुर्झबुर्ग येथें विल्हेल्म राँटगेन यांना कागद, लांकूड व मांस यांतून पार जाणाऱ्या अदृश्य किरणांचा शोध लागला. गणितांत अज्ञात राशीला जें अक्षर लावतात तेंच या किरणांना लावून त्यांनीं त्यांचें नांव क्ष-किरण असें ठेवलें. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनीं आपल्या पत्नीच्या हाताचें चित्र घेतलें. मांस जणूं विरून गेलेलें, आणि बोटाच्या हाडाभोंवतीं अंगठी तेवढी तरंगत राहिलेली, असें तें चित्र होतें. शोध लागून पांच महिने पुरते झाले नाहींत तोंच, १८९६ च्या मार्चमध्यें, फ्रांकफुर्ट येथील वाल्टर कोनिग या पदार्थविज्ञानशास्त्रज्ञानें इजिप्तमधील एका बालकाच्या व एका मांजराच्या ममीवर हे किरण सोडले. पट्टीची एक गांठहि न सोडतां आंतलीं हाडें कांचेवर उमटलीं.

१९०३ सालीं कैरो शहरांत घडलेला एक प्रसंग मोठा मनोवेधक आहे. चौथ्या थुतमोसिस राजाचें वय ठरविण्यासाठीं त्याच्या हाडांचे सांधे पाहणें अवश्य होतें. परंतु क्ष-किरणांचें यंत्र होतें शहरांतल्या एका शुश्रूषागृहांत. तेव्हां इलियट स्मिथ हे शारीरविद् आणि पुढें ज्यांनीं तुतनखामेनची कबर शोधली ते हॉवर्ड कार्टर, अशा दोघांनीं त्या राजाला भाड्याच्या घोडागाडींत घातलें आणि रुग्णाला न्यावें तसें तेथें नेलें. सुमारें ३३०० वर्षांपूर्वीं ज्याच्या रथापुढें लोक दुतर्फा लवत असतील, तो राजा त्या दिवशीं आपल्या प्रजेच्या वंशजांमधून निमूटपणें दवाखान्यांत गेला. रुग्णासाठीं निर्माण झालेलें यंत्र मृताच्या सेवेस लागलें तें असें.

पण या किरणांच्या चित्रांत एक उणीव होती. दिव्यापुढें हात धरला म्हणजे भिंतीवर सावली पडते. त्या सावलींत पांच बोटें मोजतां येतात; मात्र तीं एकमेकांवर आलीं कीं पुढचें कोणतें आणि मागचें कोणतें तें कळत नाहीं. साध्या क्ष-किरणांचें चित्र म्हणजे अशी सावलीच होय. बरगड्या, पाठीचा कणा, छातीवरचे ताईत, कवचावरचा गिलावा, सारें एकाच कांचेवर एकावर एक येऊन बसतें. नेस्पेरेन्नुबच्या बाबतींत हेंच घडलें. १९६० नंतरच्या दशकांत त्याचें क्ष-किरणचित्र घेतलें, तेव्हां मस्तकाच्या मागें कसलीशी गडद आकृति दिसली. ती काय असावी? जन्माच्या वेळची वार सुकवून, मृताबरोबर ठेवली असावी, असाहि एक तर्क पुढें आला. तर्क विद्वत्तेला शोभणाराच होता, पण सावलीवर उभारलेला होता. आणि त्याची परीक्षा करावयाची तर कवच फोडावें लागलें असतें. कवच फोडावयाचें नाहीं हा संग्रहालयाचा निश्चय. त्यामुळें प्रश्न तीस-चाळीस वर्षें तसाच राहिला.

उत्तर आलें तें पुन्हां रुग्णालयाच्याच दारानें. गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंग्रज अभियंत्यानें असें यंत्र बनविलें कीं ज्यांत क्ष-किरणांचा झोत माणसाच्या शरीराभोंवतीं फिरतो, अनेक बाजूंनीं किती किरण पार गेले त्याची मोजदाद होते, आणि त्या असंख्य आंकड्यांवरून संगणक शरीराच्या एका पातळ कापाचें चित्र सिद्ध करतो. १ ऑक्टोबर १९७१ रोजीं लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयांत एका जिवंत रुग्णाच्या मेंदूचें चित्र या यंत्रानें प्रथम घेतलें. या पद्धतीचा गणिती पाया स्वतंत्रपणें घालणारे ॲलन कॉर्मॅक आणि हाउन्सफील्ड या दोघांना १९७९ सालीं वैद्यकाचें नोबेल पारितोषिक मिळालें. आज घरोघरीं परिचित झालेला सीटी स्कॅन तो हाच.

या पद्धतीचें मर्म गृहिणींना समजावून सांगण्यास अळूच्या वडीइतकें चांगलें उदाहरण नाहीं. वाफवलेला उंडा बाहेरून पाहिला तर नुसती हिरवी गुंडाळी दिसते. सुरीनें त्याचे काप केले कीं प्रत्येक कापांत पान, पीठ, पुन्हां पान असे वेटोळे स्पष्ट दिसतात. आणि सगळे काप पुन्हां क्रमानें जुळवून ठेवले तर मूळचा उंडा तयार होतो. हाउन्सफील्डच्या यंत्रानें सुरी न लावतां असे काप पाहतां येतात. शिवाय प्रत्येक कापांतील प्रत्येक बिंदूला त्याच्या दाटपणाप्रमाणें एक आंकडा मिळतो. पाण्याचा आंकडा शून्य, हवेचा उणे १०००, हाडाचा कांहीं शेंच्या पुढें, आणि धातूचा त्याहून पुष्कळ वर. म्हणून संगणकाला सांगतां येतें कीं, कापडाएवढ्या विरळ असलेल्या सर्व वस्तु वगळ आणि हाडाएवढ्या दाट तेवढ्या ठेव. पेटिग्रूंच्या हातांना जें काम फाडून करावें लागे, तें येथें आंकड्यांची निवड करून साधतें. आणि वगळलेलें कापड हवें तेव्हां परत चढवितां येतें.

नव्या शतकाच्या आरंभीं नेस्पेरेन्नुबला लंडनच्या एका रुग्णालयांत नेऊन त्याचे असे दीड हजारांवर काप घेण्यांत आले. ते जुळवून त्याचा देह संगणकांत उभा राहिला, आणि २००४ सालीं ब्रिटिश म्युझियममध्यें प्रेक्षकांना त्या देहाच्या आंतबाहेर फिरवून आणणारें प्रदर्शन सुरूं झालें. तेंच पुढें मुंबईस आलें. या तपासणींत पुजाऱ्याचें वय मृत्युसमयीं चाळिशीच्या आसपास असावें असें दिसलें. त्याचे दांत झिजलेले होते. डोळ्यांच्या खाचांत कृत्रिम डोळे बसविलेले होते. डाव्या डोळ्याच्या वरच्या बाजूस कवटीला एक लहानसें भोंक होतें. कसल्याशा दुखण्यानें हाड आंतून खाल्लें गेलें असावें, आणि कदाचित् त्याच दुखण्यानें त्याचा अंत झाला असावा, असा तज्ज्ञांचा तर्क आहे.

आणि ती गडद आकृति? ती वार नव्हती. तो भट्टींत न भाजलेल्या मातीचा, हातानें घडविलेला वाडगा होता. त्याचा उलगडा असा करण्यांत येतो. देहाला राळ लावतांना खालीं ओघळणारी राळ धरण्यासाठीं कारागिरांनीं डोक्याखालीं वाडगा ठेवला असावा. काम आटोपून ते परतले तेव्हां राळ घट्ट होऊन वाडगा मस्तकाला कायमचा चिकटला होता. तो काढण्याची त्यांनीं खटपट केली. कारण डोक्याच्या मागची त्वचा तेथें फाटलेली दिसते. वाडगा निघाला नाहीं. मग त्यांनीं, जगांतील सर्व अडचणींत सांपडलेले कारागीर करतात तेंच केलें. वाडग्यासकट डोकें पट्ट्यांनीं गुंडाळलें, वर सुंदर कवच चढविलें, आणि तें नातेवाइकांच्या स्वाधीन केलें. अमरत्वाच्या विधींनीं आणि देवदेवतांच्या चित्रांनीं भरलेल्या इजिप्तच्या इतिहासांत असें एखादें ओशाळें करणारें मानवी कृत्य क्वचितच सांपडतें. कोणत्याहि शिलालेखांत तें कोणीं कोरून ठेवलें नसतें.

येवढ्यावरून कोणाला वाटेल कीं आतां यंत्र बोलतें आणि पंडितानें नुसतें ऐकावयाचें. परंतु अनुभव तसा नाहीं. १९६८ सालीं लिव्हरपूलचे शारीरविद् आर. जी. हॅरिसन यांनीं तुतनखामेनच्या कबरींत यंत्र नेऊन त्याच्या मस्तकाचें क्ष-किरणचित्र घेतलें. कवटीच्या आंत हाडाचे सुटे तुकडे दिसले. तेवढ्या आधारावर राजाच्या डोक्यांत कोणीं तरी मागून घाव घातला अशी कथा जन्माला आली. संशयितांचीं नांवें घेण्यांत आलीं, पुस्तकें निघालीं. ३३०० वर्षांपूर्वींच्या दरबारी माणसांवर खुनाचे आरोप झाले. ५ जानेवारी २००५ रोजीं राजाच्या देहाचे सीटी यंत्रानें सुमारें १७०० काप घेण्यांत आले. तेव्हां कळलें कीं ते तुकडे कवटींत ओतलेल्या राळेंत रुतलेले नव्हते. ते राळ सुकल्यानंतर केव्हां तरी सुटले होते. घावाचें चिन्ह कोठेंच नव्हतें. उलट डाव्या मांडीच्या हाडाला एक भंग आढळला. तो मृत्यूच्या थोडा आधीं झाला कीं कार्टरच्या मंडळींच्या हातून, यावर तज्ज्ञांचें एकमत झालें नाहीं. म्हणजे पहिलें चित्र खोटें नव्हतें. त्याचें वाचन घाईचें होतें.

याच्या उलट उदाहरण आल्प्स पर्वतांतल्या हिममानवाचें. १९९१ सालीं ऑस्ट्रिया व इटली यांच्या सीमेवर वितळत्या बर्फांत सुमारें ५३०० वर्षांपूर्वींचा एक पुरुष सांपडला. त्याची चित्रें घेण्यांत आलीं, पुष्कळ परीक्षणें झालीं, आणि तो थंडीनें किंवा पडून मेला असावा असें लोक समजून चालले. २००१ सालीं बोल्झानो येथील क्ष-किरणतज्ज्ञ पॉल गोस्टनर यांना त्याच्या डाव्या खांद्यांत गारेच्या दगडाचें बाणाचें टोंक दिसलें. माणूस मागून बाण लागून मेला होता. मागाहून जुनीं चित्रें काढून पाहिलीं, तों टोंक त्यांतहि होतें. पण तेथें बाण असेल अशी शंका कोणाच्या मनांत आली नव्हती, म्हणून कोणाला दिसलें नव्हतें. एका ठिकाणीं नसलेला खून दिसला आणि दुसऱ्या ठिकाणीं झालेला खून दहा वर्षें दिसला नाहीं. किरण हाडापर्यंत पोंचवितो. अर्थापर्यंत पोंचण्याचें काम माणसाचेंच राहतें.

हें काम नीट झालें म्हणजे मृतांना न्यायहि मिळतो. पहिल्या आमेनहोतेप राजाची ममी १८८१ सालीं सांपडली. तिच्यावरचा मुखवटा आणि फुलांच्या माळा इतक्या सुंदर होत्या कीं मास्पेरोनें ती उकलण्याचें टाळलें. २०१९ सालीं कैरोच्या संग्रहालयांत सहर सलीम या क्ष-किरणतज्ज्ञ विदुषीनें तिचे सीटी काप घेतले, आणि झाही हवास यांच्यासह २०२१ च्या अखेरीस निष्कर्ष प्रसिद्ध केले. राजा सुमारें ३५ वर्षांचा होता, १६९ सेंटिमीटर उंच होता, वेष्टणाच्या आंत ३० ताईत होते आणि कमरेला सोन्याच्या मण्यांची मेखला होती. परंतु सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच. राजाच्या मृत्यूनंतर कांहीं शतकांनीं चोरांनीं ही ममी फोडली होती, आणि एकविसाव्या राजवंशाच्या काळच्या पुजाऱ्यांनीं ती पुन्हां बांधली होती. जुन्या राजांचे अलंकार काढून घेण्यासाठींच हे पुजारी पुनर्बंधनाचें निमित्त करीत असावेत, असा संशय विद्वानांना होता, आणि सलीमबाईंनाहि तो होता. पण या ममींत अलंकार जागच्या जागीं होते, आणि चोरांच्या हातून मोडलेला देह राळेच्या पट्टीनें प्रेमानें सांधलेला होता. ३००० वर्षांनीं त्या पुजाऱ्यांवरील एक आळ निदान या राजापुरता दूर झाला.

देहांबरोबर ग्रंथांचेंहि भाग्य पालटलें. इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियसच्या स्फोटांत हर्क्युलेनियम शहर गाडलें गेलें. तेथील एका ग्रंथालयांतल्या पपायरसच्या गुंडाळ्या जळून कोळसा झाल्या. अठराव्या शतकांत त्या उलगडण्याच्या प्रयत्नांत कित्येकांचा चुरा झाला. मृत समुद्राकांठच्या एन्-गेदी येथें १९७० सालीं सांपडलेली अशीच एक जळकी गुंडाळी मात्र न उलगडतां ठेवली होती. सीटी पद्धतीच्या अतिसूक्ष्म प्रकारानें तिचे काप घेऊन, ब्रेंट सील्स या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञानें ते वेटोळे संगणकांतच सपाट केले, आणि २०१६ सालीं त्यावरील हिब्रू बायबलांतील लेवीय ग्रंथाचीं आरंभींचीं वचनें जगापुढें आलीं. त्याच मार्गानें २०२३-२४ सालीं हर्क्युलेनियमच्या एका बंद गुंडाळींतील ग्रीक मजकुराचे अनेक स्तंभहि वाचले गेले. ज्यांनीं त्या उलगडण्याचा मोह आवरला, त्यांच्या संयमाचें हें फळ होय.

आतां राहिला आभासी वास्तवाचा विचार. कापांवरून संगणकांत उभा राहिलेला देह पडद्यावर पाहतां येतो. तसाच डोळ्यांवर यंत्र चढवून, आपण त्याच्याभोंवतीं फिरत आहों अशा थाटानेंहि पाहतां येतो. मान वळविली कीं दृश्य वळतें. यामुळें ज्ञान पंडितांच्या टेबलावरून लोकांत जातें. ब्रिटिश म्युझियममध्यें गेबेलेन येथें सांपडलेला सुमारें ५५०० वर्षांपूर्वींचा एक पुरुष शंभर वर्षांहून अधिक काळ कांचेच्या पेटींत निजलेला होता. लक्षावधि लोक त्याच्यापुढून गेले. २०१२ सालीं त्याचे काप घेऊन ते एका मोठ्या स्पर्शपटलावर ठेवले, तेव्हां शाळकरी मुलेंहि बोटानें त्वचेचा थर बाजूस सारून आंत पाहूं लागलीं. आणि त्या तरुणाच्या डाव्या खांद्यामागें शस्त्र खुपसल्याची खूण सर्वांच्या दृष्टीस पडली. देहाला मात्र कोणीं सुरी लावली नव्हती.

तथापि येथेंच एक सावधगिरी अवश्य आहे. वाडगा हा पुरावा आहे; पण पुजाऱ्याचा हंसरा चेहरा हा पुरावा नव्हे. हरियाणांतील राखीगढी येथें पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखालीं सिंधुसंस्कृतीच्या काळची दफनभूमि खणण्यांत आली. तेथील सुमारें ४५०० वर्षांपूर्वींच्या दोन कवट्यांचे सीटी काप घेऊन, दक्षिण कोरियांतील तज्ज्ञांच्या साहाय्यानें त्या माणसांचे चेहरे सिद्ध करण्यांत आले, आणि ते २०१९ सालीं प्रसिद्ध झाले. सिंधुसंस्कृतीच्या माणसाचा चेहरा पाहून कोणाचें मन हेलावणार नाहीं? परंतु हाड सांगतें तें जबड्याची रुंदी, गालफडांची उंची, भुंवयांचा कणा. नाकाचा शेंडा, कानाची पाळी, ओठांची जाडी, कातडीचा रंग, केसांची ठेवण, यांविषयीं हाड जवळजवळ मौन पाळतें. तेथें सरासरीचे आंकडे आणि कलावंताची समजूत कामाला येते. पडद्यावर मात्र हाडाचा आधार असलेली रेषा आणि अनुमानाची रेषा सारखीच ठळक दिसते. आणि जेथें लोक आपल्या पूर्वजांचें कूळ व वर्ण यांविषयीं हिरिरीनें भांडतात, तेथें हा भेद पुसला गेला तर इतिहासाची मोठी हानि होते.

तज्ज्ञांनाहि या धोक्याची जाणीव आहे. २००६ सालीं लंडन सनद या नांवानें कांहीं तत्त्वें मांडण्यांत आलीं. संगणकानें उभारलेल्या प्राचीन वास्तूंत वा वस्तूंत पुराव्यानें सिद्ध झालेलें काय, अनुमानानें घातलेलें काय, आणि तें अनुमान कोणत्या विचारानें केलें, याची नोंद चित्राबरोबर ठेवावी, हा त्या तत्त्वांचा आशय. जुन्या उत्खननकर्त्याच्या नोंदवहीचाच हा नवा अवतार होय. हात गेले, कुदळ गेली. पण नोंदवहीची गरज संपली नाहीं, उलट वाढली. कारण मोडलेली वस्तु निदान मोडलेली दिसते. चुकीनें रचलेलें आभासी दृश्य अगदीं अभंग दिसतें.

आणि शेवटीं मृतांच्या इच्छेचा प्रश्न उरतोच. देह अखंड राहिला तरच परलोकींचें जीवन चालूं राहतें, अशी प्राचीन इजिप्शियन लोकांची श्रद्धा होती. त्या श्रद्धेपायीं त्यांनीं देहाभोंवतीं पट्ट्या, कवच, पेटी, दगडी कबर असे कोटावर कोट उभारले. ते कोट चोरांनीं फोडले. मग विद्वानांनींहि फोडले. किरणांनीं एवढें केलें कीं जिज्ञासा आणि ती श्रद्धा यांचा झगडा थोडा सौम्य झाला. मृताच्या देहाकडे पाहण्याचा अधिकार आपल्याला कोणीं दिला, हा प्रश्न त्यामुळें सुटत नाहीं. पण पाहणाऱ्याला पाहून झाल्यावर निदान हात न लावतां मागें सरतां येतें. पुढच्या पिढीजवळ याहून चांगलें यंत्र असेल, तिच्या मनांत आजच्या पंडितांना न सुचलेला प्रश्न असेल. तिच्यासाठीं वेष्टण शाबूत ठेवणें हें आजच्या संशोधकाचें कर्तव्य आहे. पेटिग्रूंच्या सभेनंतर पुढच्यांसाठीं कांहीं उरत नसे. आतां सारेंच उरतें.

कर्नाकच्या त्या कारागिरांनीं वाडगा पट्ट्यांखालीं दडविला, तेव्हां आपली चूक आतां कोणाच्याहि दृष्टीस पडणार नाहीं अशी त्यांची खात्री असेल. २८०० वर्षांनीं ती लंडनच्या पंडितांना दिसली, मग मुंबईच्या मुलांनाहि दिसली. पण नेस्पेरेन्नुब मुंबईहून निघाला तेव्हां त्याच्या कवचाला नवा तडा नव्हता, एकहि पट्टी सैल झाली नव्हती, आणि तो वाडगाहि जेथें होता तेथेंच होता.